कोपराखाली चार बोटं

महादेवरावांनी शाळेत अर्ध्या बाह्यांचा हुकूम काढला, तेव्हा स्टाफरूममधल्या एकोणीस जणांपैकी अठरा जणांना हायसं वाटलं. एकोणिसावे गुंडेराव. त्यांच्या पाचावर धारण बसली.

हुकूम तसा साधाच होता. महादेवराव हे चामराजपुरममधल्या त्या शाळेचे सेक्रेटरी. मे महिन्यात ते बेंगळुरूला मुलीकडे गेले, नातवाच्या शाळेत सगळे शिक्षक एकाच फिकट निळ्या रंगाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरताना पाहिले आणि परतीच्या गाडीतच त्यांनी ठरवून टाकलं की म्हैसूर मागे राहता कामा नये. एक जूनपासून सर्व पुरुष शिक्षकांनी तसाच शर्ट घालावा. बाहीची लांबी साडेनऊ इंच. कापड शाळेचं, शिलाई टेलर हणमंतरावांची. ऑफिसच्या शकुंतलाबाई तो कागद घेऊन सह्यांसाठी टेबलाटेबलावर फिरल्या. बांगड्यांच्या वर तुळशीवृंदावनाचं जुनं हिरवं गोंदण असलेला त्यांचा हात गुंडेरावांच्या पुढ्यात आला, गुंडेरावांनी सही केली आणि कागद पुढे गेला.

आता अर्ध्या बाहीत घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. पण गुंडेराव उपमुख्याध्यापक होते, भौतिकशास्त्र शिकवत होते आणि चौतीस वर्षं पूर्ण बाहीचा शर्ट मनगटाला बटण लावून घालत होते. एप्रिलच्या उन्हात, प्रयोगशाळेत, एवढंच काय, सहलीला कबिनीच्या काठी गुडघाभर पाण्यात उभे असतानासुद्धा ते बटण सुटलं नव्हतं. त्या बटणात लोकांनी शिस्त पाहिली. पालक घरी मुलांना सांगत, "गुंडेराव मेष्ट्रू बघ कसे राहतात!" होता होता गुंडेराव स्वतःही तेच खरं मानायला लागले होते. खरी गोष्ट एवढीच, की त्यांच्या डाव्या हातावर, कोपराखाली चार बोटं, एक गोंदण होतं.

ते मशालीचं होतं. हे सांगावं लागतं, कारण बघणाऱ्याला ते कळत नसे. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजचे कॅडेट म्हणून, ते बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीत उभे होते. ऐन वेळी वारा सुटला, शेजारच्या तीन मशाली विझल्या, गुंडेरावांची विझली नाही. त्या भरात दुसऱ्या दिवशी चार मित्र दसऱ्याच्या प्रदर्शनात गेले. तिथे बॅटरीच्या यंत्रावर गोंदून देणारा एक जण बसला होता. चौघांनीही मशाल गोंदवायची असं ठरलं आणि पहिला नंबर गुंडेरावांचा लागला. त्यांचं ओरडणं ऐकून आणि निघालेलं चित्र पाहून उरलेले तिघे निमूटपणे पाळण्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. दांडा आखूड, ज्वाळा फुगीर. लग्नानंतर चौथ्या दिवशी अंबुजाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, "अहो, हातावर वांगं कशाला हो गोंदवलं?" त्या दिवसापासून घरी वांग्याची भाजी झाली की त्या वाढताना एकदा नवऱ्याच्या हाताकडे बघत. गुंडेराव ती भाजी खात आणि बाही खाली ओढत.

बरं, गोष्ट नुसत्या लाजेची असती तर निभावलं असतं. पण गुंडेरावांनी स्वतःच्या हाताने आपल्या गळ्याला फास लावून घेतला होता. झालं असं, की मे महिन्यात शाळेला भौतिकशास्त्राची एक नवी शिक्षिका हवी होती आणि तुंगा नावाची एक मुलगी मुलाखतीला आली. हुशार, बोलायला चटपटीत. कमिटीला पसंत पडली. एवढ्यात गुंडेरावांना तिच्या मनगटावर काहीतरी निळसर दिसलं. चोराला दुसरा चोर दिसल्यावर जे होतं, तेच त्यांचं झालं. ती बाहेर जाताच ते उठून उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. "आज मनगटावर पाल आहे. उद्या मुलं मानेवर घोरपड काढून येतील. आपण कुणाला सांगणार?" महादेवराव इतके भारावले, की त्यांनी तुंगाची फाइल बाजूला ठेवली आणि गुंडेरावांनाच नियम लिहायला सांगितलं. शाळेच्या नव्या नियमावलीतला नियम सात तो: शरीरावर कायमचं चित्र असलेल्या व्यक्तीस या संस्थेत नेमणूक अथवा बढती मिळणार नाही. 'अथवा बढती' हे शब्द तर कुणी मागितलेही नव्हते. वाक्याला तोल यावा म्हणून गुंडेरावांनी ते आपल्या मनाने घातले होते.

आणि बढती तर दारात उभी होती. मुख्याध्यापक जूनअखेर निवृत्त होणार, पंधरा जूनला कमिटी नवं नाव ठरवणार, आणि नाव गुंडेरावांचंच होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लाकडी फळा होता. त्यावर १९५१ पासूनच्या सगळ्या मुख्याध्यापकांची नावं सोनेरी अक्षरांत होती आणि शेवटच्या नावाखाली बरोबर एका ओळीची जागा उरली होती. त्या जागेवरची धूळ गुंडेराव गेली सहा वर्षं स्वतःच्या रुमालाने पुसत होते. त्यांना या जगात दुसरं काहीही नको होतं.

ते आधी टेलरकडे गेले. हणमंतरावांचं दुकान म्हणजे विठ्ठलाचा फोटो, दोन मशिनं आणि स्पष्ट बोलणं.

"हणमंतराव, बाही जरा सैल आणि जरा लांब ठेवा."

"किती लांब?"

गुंडेरावांनी कोपराच्या बऱ्याच खाली बोट ठेवलं.

"सर, हाफ म्हणजे हाफ. याला हाफ म्हणत नाहीत. बायकांच्या ब्लाउजला असं ठेवतो मी."

"थंडी वाजते हो मला."

"जूनमध्ये? म्हैसुरात?" हणमंतरावांनी टेप गळ्यात टाकला. "सेक्रेटरी साहेब स्वतः येऊन सांगून गेलेत. साडेनऊ इंच. जास्ती झालं तर माझ्यावर येतं की."

तिथून परत येताना शेजारच्या नरसिंहमूर्तींनी त्यांना फाटकातच गाठलं. नरसिंहमूर्ती वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीत फुकट सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करत. गुंडेरावांनी 'एक मित्र आहे, त्याच्या हातावर' अशी सुरुवात केली. मूर्तींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाही वर करा." मग बराच वेळ हातात हात घेऊन, चष्मा वरखाली करून त्यांनी निदान केलं. "बदनेकायी. वांगंच. आमची आजी म्हणायची, चुना आणि लिंबू. आठ दिवस. वांगं काय, भोपळा असला तरी जातो."

तीन दिवसांत हात लाल झाला, चौथ्या दिवशी सुजला, आणि सुजलेल्या जागेवर ते चित्र पहिल्यापेक्षा टपोरं दिसायला लागलं. अंबुजाबाईंनी खोबरेल तेल लावता लावता एवढंच म्हटलं, "आता भरल्या वांग्याचं झालं की हो."

मग त्वचेचा डॉक्टर. तरुण मुलगा. त्याने दिव्याखाली हात धरला आणि लेझरच्या सहा बैठका सांगितल्या, दोन बैठकांमध्ये सहा आठवडे. गुंडेरावांनी बोटांवर हिशेब केला, तो जानेवारीपर्यंत गेला. "पंधरा जूनच्या आत काही?" डॉक्टर म्हणाला, "सर, आजकाल हे कुणी काढत नाही. राहू द्या की. क्यूट आहे वांगं." गुंडेरावांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी क्यूट म्हटलं नव्हतं. ते औषधाची चिठ्ठी न घेताच उठले.

एकतीस मेला संध्याकाळी शर्ट आला. बाही साडेनऊ इंच, तसूभर जास्ती नाही. आणि एक जूनच्या सकाळी, आंघोळ करून देवासमोर बसलेले असताना, गुंडेरावांना युक्ती सुचली. माध्व पंथाचा माणूस रोज गोपीचंदन उगाळतो, त्यात शंखाचा, चक्राचा धातूचा ठसा बुडवून अंगावर मुद्रा लावतो. गुंडेराव आजवर कपाळावर एक आणि कानशिलावर दोन अशा जेमतेम मुद्रा लावत. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी गोपीचंदन उगाळलं आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चक्रावर चक्र, शंखावर शंख असा थर दिला. एकाच हाताला लावलं तर संशय येईल म्हणून उजव्यालाही दिला. मशाल पार गाडली गेली.

अंबुजाबाई दारात उभ्या होत्या. "अहो, मुद्रा देवाची ना? ती वांगं झाकायला?"

"मशाल आहे ती," गुंडेराव म्हणाले. पण त्यांना बायकोच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

शाळेत त्यांचा जो बोलबाला झाला, तो काही विचारू नका. फुल शर्टातल्या शिस्तीच्या आत एवढी भक्ती दडलेली होती, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन पालकांनी पाया पडून मुलाच्या निकालाबद्दल विचारलं. तिसऱ्या दिवशी मठातून निरोप आला की रविवारी गुंडेरावांनी चार शब्द बोलावेत. नरसिंहमूर्ती, ज्यांना सगळं माहीत होतं, ते गल्लीभर सांगत सुटले की माणूस आतून बदलला आहे. महादेवरावांनी तर भर सभेत सांगितलं, "असा मुख्याध्यापक असावा!" गुंडेरावांनी हात जोडले, तेव्हा दोन शंख आणि एक चक्र टेबलावर गळून पडलं.

कारण गोपीचंदन ही मातीच. ती वाळते, तडकते, सुटते. हजेरीपटावर पिवळी भुकटी सांडे. प्रयोगशाळेत तराजूच्या पारड्यात पडे आणि मुलांची वजनं चुकत. फळ्यावर वरती लिहायचं म्हणजे थर सुटायची भीती, म्हणून त्यांनी फळ्याच्या खालच्या कडेला वाकून लिहायला सुरुवात केली, आणि त्याचाही लोकांनी नम्रता असा अर्थ लावला. मधल्या सुट्टीत ते स्टोअररूमच्या मागे जाऊन खिशातल्या डबीतून डागडुजी करत. रविवारी मठात त्यांनी चार शब्द बोलायला सुरुवात केली आणि पुढच्याच रांगेतल्या एका वृद्ध आचार्यांनी मोठ्याने विचारलं, "कोपराखाली एवढ्या मुद्रा कुठल्या ग्रंथात सांगितल्या आहेत?" गुंडेरावांनी 'ही आमच्या घराण्याची रीत' असं सांगून टाकलं. साफ खोटं, तेही मठात. त्या दिवशी जेवताना त्यांना घास गोड लागला नाही, आणि त्या दिवशी भाजी घेवड्याची होती.

पंधरा जून उजाडला. गुंडेरावांनी पहिल्या दिवसापेक्षा जाड थर दिला आणि कमिटीच्या खोलीत जाऊन बसले. महादेवराव मधोमध, दोन बाजूंना दोन सभासद, भिंतीवर देणगीदारांचे फोटो. महादेवराव म्हणाले, "प्रश्नच नाही. गुंडेरावांचं नाव पाठवा. शकुंतलाबाई, कागद आणा."

शकुंतलाबाईंनी गुंडेरावांचं सर्व्हिस रजिस्टर आणलं. पिवळं, कडा कुरतडलेलं. "साहेब, शिक्षण खात्याला नाव पाठवायच्या आधी पडताळणी लागते. जन्मतारीख जुळली. सही जुळली. आता ओळखीच्या खुणा." त्यांनी चष्मा सावरला. "एक, उजव्या कानामागे तीळ."

तीळ होता. तिघांनी वाकून पाहिला.

"दोन." त्या थांबल्या. मग त्यांनी रजिस्टर गुंडेरावांच्या पुढे सरकवलं. "अक्षर तुमचंच आहे, सर. तुम्हीच वाचा."

गुंडेरावांनी वाचलं. निळ्या शाईत, चोविसाव्या वर्षीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'डाव्या हातावर, कोपराखाली चार बोटं, बन्नीमंटपाच्या मैदानावर न विझलेल्या मशालीचं गोंदण.' नुसतं 'गोंदण' लिहून चाललं असतं. जागाही तेवढीच होती. पण त्या पोराने सगळं लिहिलं होतं, शेवटचे शब्द रकान्याबाहेर समासात गेले होते. त्याला लाज वाटली नव्हती. नोकरीच्या पहिल्या दिवशी, एवढ्या मोठ्या सरकारी वहीत, आपली ओळख म्हणून त्याला हीच एक गोष्ट सांगावीशी वाटली होती. या पोराला आपण चौतीस वर्षं बाहीत कोंडून ठेवलं, आणि आता तर मातीत पुरलं, असं गुंडेरावांना वाटलं.

"खूण दाखवावी लागते, सर," शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या. "नाही दिसली तर तसं लिहावं लागेल."

एक सभासद मदतीला धावले. "वयाने जातं हो असलं. पुसट झालं म्हणून लिहा. सुम्ने, उगाच कशाला त्रास?"

सुटायची वाट समोर उघडी होती. गुंडेरावांना क्षणभर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावरची ती रिकामी ओळ डोळ्यांपुढे दिसली. मग उठले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि नळ सोडला. पिवळं पाणी बराच वेळ वाहत होतं. त्यांनी हात रुमालाने पुसला, त्याच धुळीच्या रुमालाने, आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले.

महादेवराव पुढे वाकले. "गुंडेराव, हे... वांगं आहे?"

"मशाल आहे, साहेब."

"वांगंच दिसतंय की," दुसरे सभासद म्हणाले. "हे बघा देठ." यावर दोन्ही सभासदांत थोडी चर्चा झाली, एकाचं म्हणणं पेरू असंही पडलं. गुंडेरावांनी ती शांतपणे पूर्ण होऊ दिली.

"काहीही म्हणा. कायमचं चित्र आहे," ते म्हणाले. "नियम सात मीच लिहिलाय. माझं नाव खोडा. पण त्या तुंगाचं काय चुकलं होतं? तिने मनगट उघडं ठेवून तुमच्यासमोर बसायची हिंमत केली, एवढंच. मी लपवलं, आणि तिच्यावर उलटलो. तिला घ्या. भौतिकशास्त्र तिला माझ्याहून बरं येतं." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हाताला वारा लागतो आहे.

महादेवरावांनी सुस्कारा टाकला. "नियम म्हणजे नियम. काय करणार?"

"मग साहेब, मी उद्यापासून येऊ नको का?" शकुंतलाबाईंनी विचारलं आणि हात टेबलावर ठेवला. हिरवं तुळशीवृंदावन सगळ्यांनी पाहिलं. सव्वीस वर्षं रोज पाहत आले होते.

"तुमचं वेगळं, बाई. ते गोंदण. बायकांची रीत. हे टॅटू."

"सुईच की दोन्ही. फरक काय, साहेब?"

महादेवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात दोन्ही सभासदांची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेली. महादेवरावांनी वळून पाहिलं. तिथे शाळेला जागा देणाऱ्या त्यांच्या आईचा मोठा फोटो होता, नऊवारी, नथ, आणि हनुवटीवर ठसठशीत तीन ठिपके. महादेवराव त्या फोटोला रोज सकाळी हार घालत. त्यांनी तोंड मिटलं, उठून आईच्या फोटोवरचा हार सरळ केला आणि मग खाली बसून म्हणाले, "शकुंतलाबाई, लिहून घ्या. नियम सात छपाईच्या चुकीमुळे आला होता. रद्द."

"आणि खूण दोन?"

"जुळली म्हणून लिहा. मशाल." ते थोडं थांबले. "रजिस्टरप्रमाणे मशाल."

एक जुलैला गुंडेराव मुख्याध्यापकाच्या खोलीत गेले. रंगारी फळ्यावर सोनेरी अक्षरं काढत होता. 'गुंडेराव' पूर्ण झालं होतं आणि पुढचं साल बाकी होतं. गुंडेराव अर्ध्या बाह्यांत खुर्चीच्या मागे उभे राहून, डावा हात वर करून, त्याला ओळ तिरकी जाते आहे ते दाखवत होते. दारात तुंगा आली.

"गुड मॉर्निंग सर. जॉइनिंग रिपोर्ट..." एवढं म्हणून ती थांबली आणि वर केलेल्या हाताकडे बघतच राहिली. गुंडेरावांनी मनाची तयारी केली. वांगं म्हणेल, पेरू म्हणेल, जे काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

"अय्यो सर! मशाल!" तुंगा म्हणाली. "बन्नीमंटपची ना? मी पण केलंय सर, टू इयर्स. कॅडेट होते मी. आमची तर विझली, खूप वारा होता!"

गुंडेरावांनी मान वर करून आपल्या हाताकडे पाहिलं. आखूड दांडा खाली, फुगीर ज्वाळा वर. एकोणचाळीस वर्षं लोकांनी हा हात खाली सोडलेलाच पाहिला होता. मशाल उलटी धरली तर तिचं वांगंच होणार, यात त्या लोकांचा तरी काय दोष? ती वर धरायची असते, हे कवायतीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.

"आणि ती तुमची पाल?" त्यांनी जरा वेळाने मायेने विचारलं.

तुंगाचा चेहरा पडला. "पाल नव्हे हो सर. मगर. कबिनीची. माझं गाव एच. डी. कोटे की." तिने मनगट समोर धरलं. "सगळे पालच म्हणतात. काय करायचं, कळत नाही."

"कळेल," गुंडेराव म्हणाले, आणि तिच्या कागदावर सही केली. त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी ते घरी जायच्या आधी हणमंतरावांच्या दुकानात शिरले. शर्ट काढून मशिनवर ठेवला आणि बनियनवर, छाती काढून, आरशासमोर उभे राहिले.

"आता काय? लांब करायची?" हणमंतरावांनी कपाळाला हात लावला. "सर, साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

"हात वर केला की मध्ये येते बाही," गुंडेराव डावा हात उंच धरून म्हणाले. "दोन बोटं वर घ्या. जास्तीच घ्या."